उपाशी राहा, गोळ्या बंद करू नका

“दातांच्या डॉक्टरकडे जायचा विचार मनात आला, की तुमच्या तळहातांना घाम येतो का?”

हा माझा चौदावा प्रश्न. उत्तरं पाच. कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. समोरच्या माणसाने त्यातलं एक सांगायचं आणि मी त्यावर टिक करायची.

सोनाबाय काही बोलली नाही. पण तिच्या तळहातांना घाम आला होता. कपाळावर, वरच्या ओठावर, मानेवर, सगळीकडे आला होता. बोटांत धरलेला पदर थरथरत होता. मी मनातून खूश झालो. आठ महिने आम्ही दातांच्या भीतीवर काम करत होतो, आणि भीती अशी साक्षात समोर येऊन बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्या खुशीची लाज मला अजून वाटते. पण आधी मी नवापूरच्या त्या घरात काय करत होतो, ते सांगायला हवं.

मी पालघरच्या कॉलेजात वीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. मग एका संशोधन प्रकल्पात फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागलो. फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणजे घरोघर जाऊन प्रश्न विचारणारा माणूस. विषय होता मधुमेह आणि तोंडाचं आरोग्य. आमच्या घरी हा विषय ऐकून बायको म्हणाली, “दाताच्या कामाला मानसशास्त्रवाला? म्हणजे गवंड्याच्या कामाला ज्योतिषी.” मुलीने हे वाक्य सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. दिवाळीपर्यंत पुरलं ते.

पण त्यात अर्थ होता. मधुमेह वाढला की हिरड्या सुजतात, त्यांत पू होतो. हिरड्यांत पू झाला की मधुमेह आणखी वाढतो. हे डॉक्टर सांगतात, पेशंट मान डोलावतात, आणि कोणी दातांच्या डॉक्टरकडे जात नाही. का जात नाही, हे शोधायला माझ्यासारखा माणूस लागतो. आमचा अंदाज होता, भीती. अंदाज प्रकल्पप्रमुखांचा होता. त्या मुंबईला बसतात, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत आणि आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. मलाही तो अंदाज पटला होता, कारण दाढेत खड्डा घेऊन मी स्वतः तीन वर्षं हिंडत होतो.

प्रश्न विचारण्याचे नियम कडक असतात. प्रश्न कागदावर आहे तसाच वाचायचा. समजला नाही तर पुन्हा तसाच वाचायचा. अर्थ सांगायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, “हो ना?” असं म्हणायचं नाही. समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. नाहीतर उत्तर त्याचं राहत नाही, आपलं होतं.

शेवटी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि उपाशीपोटीची साखर ग्लुकोमीटरवर बघायची. खरं तर ही सुई आधी होती. ती शेवटी नेली मी. मीटिंगमध्ये म्हणालो होतो, “मॅडम, सुई आधी टोचली तर माणूस घाबरतो. मग भीतीचे प्रश्न विचारले तर आपल्याला सुईची भीती मिळेल, दाताची नाही.” मॅडम म्हणाल्या, “व्हेरी गुड पॉइंट.” घरी येऊन हे मी तीनदा सांगितलं होतं.

तर त्या मंगळवारी ग्लुकोमीटर माझ्या पिशवीत होता. पिशवी माझ्या गुडघ्याला टेकलेली होती. आणि प्रश्न मात्र चौदावा चालला होता.

सोनाबाय साठीची. सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसणारी. मी आलो तेव्हा तिचा डावा गाल सुजलेला होता, आवाज दाताआडून येत होता, पण जीभ ठणठणीत होती.

“आलात मास्तर? आठचा टाइम दिलावता ना तुमी? माझ्या घड्याळात दहा वाजून गेलं. घड्याळ फेकू काय?”

“गाडी पंक्चर झाली,” मी म्हणालो.

“पंक्चर गाडीचा झाला, भूक आमी काढायची.”

तिची सून भारती हसली. मी पण हसलो. हातपाय पसरून बसलो, फॉर्म काढला.

“दात मोजणार काय मास्तर? मोजून घ्या. मासळीसारखा वाटा लावला तर कोन पन्नास रुपये नाय देनार.”

पहिले सहा-सात प्रश्न असे गेले. एकाला टिक, दोन टोमणे. नंतर ती हळूहळू शांत होत गेली. मला वाटलं, विषयाच्या गाभ्याशी आलो. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. भीतीच्या जवळ आलं की माणूस बोलायचा थांबतो.

चौदावा प्रश्न मी पुन्हा वाचला. तसाच.

“बऱ्याचदा,” ती म्हणाली.

पंधरावा. छातीत धडधडतं का? “बऱ्याचदा.” सोळावा. हातापायांना कापरं भरतं का? “बऱ्याचदा.” सतरावा वाचायच्या आत ती म्हणाली, “बऱ्याचदा.”

मग तिने माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या दिशेने. आणि बाजारातल्या आवाजात, पण फार बारीक, म्हणाली, “शंभरला दोन वाटे. घे, उचल. नाय तर वाट सोड.”

फॉर्मवर उजवीकडे ‘इतर निरीक्षणे’ असा रकाना असतो. त्यात मी काय लिहिलं ते माझ्याच अक्षरात अजून आहे. ‘भीतीमुळे विषय टाळते. बाजाराविषयी बोलू लागते.’

एवढ्यात भारती चहाचे कप घेऊन आली. माझ्यासाठी एक आणि ‘रक्त देऊन झाल्यावर’ सासूसाठी एक. तिने कप खाली ठेवले नाहीत, सोडले.

“आये! आये, काय झाला?” तिने सोनाबायच्या गालाला हात लावला. “सर, ही थंडगार हाय. हिला घाम कवडा आलाय नि ही बरफासारखी थंड हाय!”

थंड. मी बसल्या जागी सगळं बघत होतो, पण हात लावला नव्हता. नियमात नव्हतं.

आणि मला ती वही आठवली. प्रकल्प सुरू होताना आम्हाला दोन दिवस ट्रेनिंग होतं. डॉक्टरांनी अर्धा तास सांगितलं होतं, मधुमेहाच्या माणसाची साखर एकदम खाली गेली तर काय दिसतं. मी नीट अक्षरात उतरवून घेतलं होतं. घाम. थरथर. धडधड. मग असंबद्ध बोलणं. मग बेशुद्धी. मग पुढचं.

घाम, थरथर, धडधड. माझे चौदा, पंधरा, सोळा नंबरचे प्रश्न. पोटातली भीती आणि उतरलेली साखर, दोन्हींचा चेहरा एकच असतो. मी एकाच्या नावाने हाका मारत बसलो होतो आणि समोर दुसरीच आली होती.

पिशवीतून मीटर काढला. घाईत पहिली सुई टोचली ती माझ्याच बोटाला. दुसरी नवी सुई काढली, ती तिला लागली. ती हलली नाही. मीटर पाच सेकंद मोजतो. त्या पाच सेकंदांत भारती “सर? सर?” म्हणत होती.

आकडा आला. एकेचाळीस.

सत्तरच्या खाली गेली की धोका, हे मला पाठ होतं. एकेचाळीसला काय म्हणतात ते पाठ नव्हतं.

“साखर आण,” मी ओरडलो. “साखर, गूळ, काहीही गोड.”

भारती माझ्याकडे बघतच राहिली. “साखर नाय, सर.”

“नाही म्हणजे?”

“घरात ठेवतच नाय. डॉक्टर बोलला आयेला मधुमेह हाय, तवापासून बंदच केली. चाय पन बिनसाखरेची. गूळ पन नाय.”

अख्ख्या घराने एका माणसासाठी साखर सोडली होती. आमच्या फॉर्मवर अशा घराला ‘उत्तम कौटुंबिक सहकार्य’ म्हणून पाच गुण असतात. मी ते दिलेही होते. माझ्या पिशवीत वाटायला आणलेले ऐंशी टूथब्रश होते. साखरेचा दाणा नव्हता.

“शेजारून आण! पळ!”

ती अनवाणी पळाली. घरात मी आणि सोनाबाय. तिची मान छातीवर येत होती. मी एका हाताने तिला धरलं, दुसऱ्याने मॅडमना फोन लावला. तोवर त्या मला फक्त आकडेवारीसाठी फोन करत असत. मी त्यांना पहिल्यांदाच आपणहून केला होता.

“मॅडम, एकेचाळीस आहे.”

“काय एकेचाळीस?”

“साखर. नवापूरच्या बाईंची.”

मग त्यांचा आवाज बदलला. त्या मूळच्या डॉक्टर आहेत, हे मी विसरलोच होतो.

“शुद्धीत आहेत?”

“अर्धवट.”

“गिळतायत?”

“माहीत नाही. जबडा सुजलाय, तोंड बोटभरही उघडत नाही.”

“मग पाणी ओतू नका. सरबत नको, चहा नको, काही ओतायचं नाही. श्वासनळीत जाईल. डाव्या... सूज कुठल्या बाजूला?”

“डाव्या.”

“मग उजव्या कुशीवर नको, डाव्याही नको... थांबा. ज्या कुशीवर नीट श्वास घेतील त्या कुशीवर झोपवा. साखर ओली करा, बोटाने गालाच्या आतून, हिरडीला चोळत राहा. थोडी थोडी. आणि गाडी बघा. ॲम्ब्युलन्सला मी फोन करते, पण तिची वाट बघू नका.”

मॅडमनाही शब्द सापडत नव्हते, हे ऐकून मला जास्त भीती वाटली. साहेब माणूस चाचरला की आपल्या पायाखालचं सरकतं.

भारती मूठभर साखर घेऊन आली. मुठीतली अर्धी सांडली होती. वाटीत पाण्याचे चार थेंब टाकून आम्ही ती कालवली. सोनाबायला कुशीवर वळवलं. मी बोट पुढे केलं तशी भारती म्हणाली, “तुमी सरा,” आणि तिने स्वतःचं बोट ओठांच्या आत सरकवून उजव्या गालाला आतून साखर लावायला सुरुवात केली. लहान मुलाला चाटण देतात तसं. “आये, चोख. आये, ऐकते ना? मी भारती. चोख.”

मी मोबाईलच्या घड्याळाकडे बघत होतो. दुसरं काही करता येत नव्हतं. बाहेर वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे बसले होते आणि त्यांना हाकलायला कोणी नव्हतं. दर मिनिटाला वाटायचं, आता श्वास थांबला. मी तिच्या नाकापुढे हात धरायचो. माझाच हात इतका गार पडला होता की श्वास लागतोय की नाही ते कळेना.

दहा मिनिटांनी पुन्हा सुई. एकोणपन्नास.

“वाढली,” मी म्हणालो.

“बरी होनार ना?”

मी उत्तर दिलं नाही. या वेळी नियम म्हणून नाही.

गल्लीच्या तोंडाशी बर्फाचा टेम्पो लागला होता. बोईसरच्या बर्फ कारखान्यातून बर्फ घेऊन आलेला, आता रिकामा परत निघालेला. ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा. मी काही बोलायच्या आत त्याने सोनाबायला बघितलं. “अरे, ये तो मौसी है, सूखी मच्छीवाली! डालो, डालो, पीछे डालो.” मागे ओल्या गोणपाटावर चटई टाकून आम्ही तिला झोपवलं. भारती तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी वाटी धरून बसलो.

रस्त्यात ती बोलायला लागली. आधी नुसतं हूं. मग, “भारते, कुठं नेता मना?” मग माझ्याकडे बघून, “ह्यो मास्तर बरफाच्या गाडीत काय करतो?” भारती रडता रडता हसली. मी मीटर काढला. अठ्ठावन्न. मी पण हसलो. मॅडमना मेसेज टाकला, ‘शुद्धीवर. अठ्ठावन्न.’ वाटी खाली ठेवली. आपण एक जीव वाचवला, हे बायकोला कसं सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवू लागलो होतो.

कारखान्यांच्या हद्दीत शिरलो आणि गाडी थांबली. पुढे टँकरांची रांग. कुठलातरी टँकर वळणावर आडवा झाला होता.

“साब, दस मिनट,” ड्रायव्हर म्हणाला.

दहा मिनिटं गेली. सोनाबाय बोलायची थांबली. मला वाटलं, झोप लागली. भारती म्हणाली, “सर, परत घाम.”

मीटर. त्रेचाळीस.

हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि मी तेव्हा जेवणाचा विचार करत होतो. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न असो की नसो, त्या आपलं काम करत राहतात. तासभर नाही, कित्येक तास. वरून चिमूटभर साखर चोळली तर आकडा चढतो, आणि गोळी त्याला पुन्हा खाली ओढते. आम्ही खड्ड्यातून बाहेर आलो नव्हतो. काठाला हात लावून पुन्हा घसरलो होतो. आणि वाटीत आता साखर उरली नव्हती.

ड्रायव्हर खाली उतरला. रांगेच्या पुढे पळत गेला. त्याचा आवाज ऐकू येत होता. “हटाओ! मरीज है! अपनी मौसी है!” दोन टँकरवाले उतरले, तिसऱ्याने गाडी इतकी मागे घेतली की तिची मागची चाकं गटारात गेली. कुणीतरी टपरीवरून साखरेची अख्खी बरणी आणून भारतीच्या हातात दिली. तो माणूस कोण, मला अजून माहीत नाही. तिने पुन्हा बोट आत घातलं. या वेळी सोनाबाय चोखत नव्हती. साखर ओठांतून ओघळून बाहेर येत होती.

तेवढी मिनिटं, जेमतेम चार असतील, मी टेम्पोच्या फळीला धरून बसलो होतो आणि मला माझं नावही नीट आठवलं नसतं.

बोईसरच्या दवाखान्यात दारातच स्ट्रेचर आलं. मॅडमनी फोन करून ठेवला होता. तरुण डॉक्टरने शीर शोधली, ग्लुकोज लावलं. मग त्याने मागे न बघता विचारलं, “शेवटचं जेवण कधी?”

“काल दुपारला,” भारती म्हणाली. “पेज. गाल दुखतो म्हनून चावता येत नाय. रातच्याला उपाशी.”

“आणि गोळी?”

“सकाळची घेतली ना. सात वाजता.”

“उपाशीपोटी? ही गोळी जेवणाआधी लगेच घ्यायची असते. घेतली आणि जेवलं नाही, तर हे होणारच. कोणी सांगितलं घ्यायला?”

भारतीने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. आमच्या प्रकल्पाचा. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी चार दिवस आधी घरोघर वाटलेला. डॉक्टरने तो उघडला आणि मोठ्याने वाचला.

“‘तपासणीच्या आदल्या रात्रीपासून उपाशी राहावे. नेहमीच्या गोळ्या बंद करू नयेत.’ हे कोणी लिहिलंय?”

“मी,” मी म्हणालो.

पहिलं वाक्य रक्ततपासणीसाठी होतं. दुसरं अशासाठी, की तपासणीत साखर किती निघते बघू म्हणून लोक आठवडाभर गोळ्याच बंद करतात. दोन्ही वाक्यं बरोबर होती. मी ती एकाखाली एक लिहिली होती. मॅडमनी वाचली होती, समितीने वाचली होती, सही-शिक्का झाला होता. आम्ही सगळ्यांनी ती वाचली ती नाश्ता करून.

“वेळ काय दिली होती?” डॉक्टर.

“आठ.”

“आणि पोचलात?”

“दहा.”

गाडी पंक्चर झाली नव्हती. बोईसरला मी फाफडा-जलेबी खायला थांबलो होतो. घरी बायको गोड खाऊ देत नाही म्हणून. मग एक ओळखीचा भेटला, मग आणखी एक प्लेट. हे मी त्या वेळी डॉक्टरला सांगितलं नाही. भारतीला सांगितलं, बाहेरच्या बाकावर. ती म्हणाली, “आयेला सांगू नका. ती बरी झाली की मग सांगा. तवा तिचा हात चालंल.”

बाकावर बसल्यावर मला दुसरी भीती चावली. उद्या बुधवार. उद्या सहा घरं. सहाही घरांत तोच कागद.

आशाताईंना फोन लावला. “तो कागद फाडून टाकायला सांगा. सगळ्यांना म्हणावं, रात्री जेवा, सकाळी जेवा, उद्या कोणी येत नाही.” त्यांनी पाच घरांत फोन केले. चिंचणीच्या एका आजोबांचा फोन लागेना. एकटे राहणारे. आशाताई स्कूटी काढून गेल्या. मी तासभर फोन हातात धरून बसलो होतो. शेवटी त्यांचा फोन आला. आजोबा अंगणात वडापाव खात बसले होते. म्हणाले, कागद वाचला, पण रात्री उपाशी राहायची गोष्ट पटली नाही, म्हणून तेवढी सोडून द्यायचं ठरवलंय. आमच्या संशोधनात अशा माणसाला ‘सूचना न पाळणारा’ म्हणतात. मी त्या दिवशी त्याला मनात नमस्कार केला.

सोनाबायला तीन दिवस ठेवून घेतलं. ग्लुकोज सुरू होतं तरी पहिल्या दिवशी आकडा तीनदा खाली गेला. तिसऱ्या दिवशी तो जागेवर आला. पू काढला, आठवड्याने दातांच्या डॉक्टरांनी डावीकडची किडकी दाढ काढली. जखम भरली.

मॅडम दुसऱ्याच दिवशी मुंबईहून आल्या. एक फॉर्म असतो, ‘प्रतिकूल घटना’. म्हणजे संशोधनामुळे कुणाला अपाय झाला तर तो लिहायचा. त्यात तीन चौकटी. सौम्य, मध्यम, गंभीर. मी पेन धरून बसलो होतो.

“गंभीर,” मॅडम म्हणाल्या. “आणि कारण पूर्ण लिहा. कागद पण, उशीर पण.”

“जलेबी पण?”

“जलेबी पण.”

“आणि कालचा तिचा भीतीचा फॉर्म? सतरा प्रश्न भरलेत. आत्तापर्यंतचा सर्वांत जास्त स्कोअर आहे.”

त्यांनी फॉर्म घेतला, आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, “मी पण हा बघून खूशच झाले असते.”

तीन आठवड्यांनी मी नवापूरला गेलो. आठ वाजायच्या आधी. जलेबीचं सांगितलं. सोनाबायने हात चालवला नाही, जीभ चालवली, आणि ती छापण्यासारखी नाही. मग मी परवानगी घेऊन पहिल्यापासून प्रश्न विचारले. घाम? कधीच नाही. धडधड? कधीच नाही. सगळं कधीच नाही.

फॉर्म संपला. मी मिटला. आणि नियमाबाहेरचा एक प्रश्न विचारला. “मग सोनाबाय, भीती नाही तर दात दाखवायला का नाही गेलीस इतके महिने?”

“कोन बोलला गेली नाय? तीनदा गेली. दातवाला बोलतो, साखर कमी करून ये, मग दात काढतो. साखरेवाला बोलतो, तोंडात पू हाय तवर साखर कमी नाय होनार, दात काढून ये. मी काय वलांडीवरचा बोंबील? ह्या अंगावर सुकवा, त्या अंगावर सुकवा? कंटाळली नि घरी बसली.”

आमच्या बेचाळीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. पुढच्या फेरीत तो घातला. पहिल्या नंबरवर. सुईही पुन्हा आधी आली. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलायचं आणि तारीख ठरवून द्यायची, असं दवाखान्याने कबूल केलं आहे. कधी बोलतात, कधी नाही. पण पूर्वी त्यांच्याकडे एकमेकांचा फोन नंबरही नव्हता.

निघताना मी नवा कागद काढला. मॅडम, दोन डॉक्टर आणि समिती, सगळ्यांनी पास केलेला. सोनाबायला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. ‘रात्री नेहमीप्रमाणे जेवावे. सकाळी तपासणी होईपर्यंत खाऊ नये आणि गोळीही घेऊ नये. तपासणी झाल्यावर लगेच गोळी घेऊन जेवावे.’

“बरा हाय,” ती म्हणाली. “नि मास्तर आलाच नाय तर?”

मी कागद पुन्हा वरपासून वाचू लागलो.

“नाय म्हंजे, तुमाला परत कोन भेटला फाफड्यावर, तर आमी गोळी नाय, भाकर नाय, दुपारपत्तोर बसायचा काय?”

मी खिशातून पेन काढलं आणि खाली हाताने लिहिलं. ‘साडेआठपर्यंत कोणी न आल्यास वाट पाहू नये. गोळी घेऊन जेवून घ्यावे.’ समितीने ते वाक्य जसंच्या तसं घेतलं आणि सुचवणाऱ्याचं नाव विचारलं. मी सोनाबायचं कळवलं. तिची शैक्षणिक पात्रता कळवा, असं उलट पत्र आलं आहे. ‘उपाशी होती’ असं लिहावं म्हणतो.